पडद्यावरचें शहर आणि पायांखालचें शहर

दोन गोष्टींचा जन्म एकाच काळांत व्हावा, आणि त्यांची गांठ मात्र पुष्कळ वर्षांनीं पडावी, असा योग इतिहासांत अनेकदां येतो. नवी मुंबई हें शहर आणि व्हिडिओ गेम हा खेळ यांची हकीकत अशीच आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडील नव्या नगराची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडली. ती प्रत्यक्षांत उतरविण्याकरितां १९७० च्या मार्च महिन्यांत सिडको ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९७२ सालीं, राल्फ बेअर यांच्या कल्पनेंतून निघालेलें 'ओडिसी' हें घरगुती यंत्र आणि अटारी कंपनीचा 'पाँग' हा खेळ अमेरिकेच्या बाजारांत आला. आज वाशी, नेरूळ, बेलापूर येथील विद्यार्थ्यांच्या हातांत तो खेळ आहे आणि पायांखालीं तें शहर आहे. परंतु दोहोंचीही कुळकथा त्यांस क्वचितच सांगितली जाते.

पडद्यावरील खेळाचा आरंभ 'पाँग'पासून झाला, हा रूढ समज खरा नाहीं. १९५८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें, भेटीस येणाऱ्या लोकांचें मनोरंजन व्हावें म्हणून, ऑसिलोस्कोपच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा चेंडू उडवून दाखविला. ज्या गृहस्थानें महायुद्धाच्या काळांत अणुबाँबच्या कामांत भाग घेतला होता, त्यानेंच हा निरुपद्रवी चेंडू उडवावा, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें १९६२ सालीं मॅसॅच्युसेट्समधील एम्. आय्. टी. येथें स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं पी. डी. पी.-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' रचला. दोन आकाशयानें एका ताऱ्याच्या ओढींत फिरत परस्परांवर मारा करीत, असा तो खेळ. तो विकला गेला नाहीं. मागेल त्याला त्याची प्रत मिळे आणि सुचेल तो त्यांत भर घाली. पीटर सॅमसन यानें तर पार्श्वभूमीस खरें तारांगण आणून बसविलें. प्रोग्रामची विद्या अशी दुसऱ्याचें काम उघडून पाहण्यांतूनच वाढली.

त्या सुमारास मुंबईही स्वस्थ बसलेली नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखालीं तयार झालेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० सालीं चालूं झाला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. आलेख दाखविणारा पडदाही त्यास जोडलेला होता. परंतु तें यंत्र शास्त्रीय गणितांच्या सेवेंत होतें. शाळकरी मुलांपर्यंत संगणक पोहोंचण्यास आणखी दोन तपें जावीं लागलीं. १९८४-८५ सालीं केंद्र सरकारच्या 'क्लास' या योजनेनें निवडक शाळांत बी. बी. सी. मायक्रो संगणक आले.

'पाँग' तयार करणारे अॅलन अल्कॉर्न यांनीं त्यांत प्रोग्राम असा घातलाच नव्हता. सारा खेळ विद्युन्मंडलांच्या जोडणींतून चाले. आज मात्र तोच खेळ प्रोग्रामरूपानें रचणें हा नवशिक्यांचा एक आवडता पहिला पाठ आहे, आणि तें योग्यच आहे. चेंडू म्हणजे दोन आंकडे: डावीकडून किती अंतरावर आणि वरून किती अंतरावर. त्याची गति म्हणजे आणखी दोन आंकडे. सेकंदांत साठ वेळां गतीचे आंकडे स्थानाच्या आंकड्यांत मिळवावयाचे. चेंडू डावीकडून १०० वर असेल आणि गति ३ असेल, तर पुढच्या क्षणीं तो १०३ वर, मग १०६ वर. उजवीकडच्या फळीस लागला कीं गतीचें चिन्ह उलटावयाचें. ३ चे उणे ३ झाले कीं चेंडू परत फिरला. खेळाडूनें कोणती कळ दाबली तें पाहणें, आंकडे बदलणें आणि चित्र पुन्हां काढणें, या तीन क्रियांचें रहाटगाडगें फिरत राहिलें म्हणजे खेळ झाला. ऋण संख्या कशाकरितां शिकावयाच्या, असें विचारणाऱ्या मुलास याहून चांगलें उत्तर मिळणें कठीण. एम्. आय्. टी. मध्येंच निघालेल्या 'स्क्रॅच' या साधनानें २००७ पासून हें काम रंगीत ठोकळे जोडण्याइतकें सोपें केलें आहे.

इतिहास जाणल्यानें हा पाठ अधिक अर्थपूर्ण होतो. १९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं रचलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्यें शत्रु जसजसे मरत, तसतसे उरलेले अधिक वेगानें चालून येत. ही युक्ति मुळांत योजलेली नव्हती. शत्रु कमी झाले कीं चित्रें काढण्याचें यंत्राचें ओझें हलकें होई, म्हणून वेग आपोआप वाढे. निशिकादो यांनीं तो दोष न मानतां तसाच राहूं दिला. यंत्राची मर्यादाही कल्पक माणसाच्या हातीं गुण ठरते.

नवी मुंबईच्या विद्यार्थ्यास विशेष विचार करावयास लावणारा खेळ मात्र १९८९ चा आहे. विल राइट या अमेरिकन रचनाकाराच्या 'सिमसिटी'मध्यें खेळाडू स्वतःच नगर वसवितो: घरें, बाजार, कारखाने यांचे पट्टे आखावयाचे, रस्ते न्यावयाचे, वीज पुरवावयाची. नव्या डावाच्या आरंभीं तेथें झाडें असतात, पाणी असतें, माणूस नसतो. म्हणून कोणासही विचारावें लागत नाहीं.

खाडीपलीकडची जमीन तशी मोकळी नव्हती. ९५ गांवें, त्यांचीं भातशेतें आणि मिठागरें तेथें होतीं. आगरी व कोळी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतीं. संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांतील जासई परिसरांत आंदोलन झालें आणि पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मृत्यु पावले. त्या लढ्यांतून पुढें मूळ धारकांस साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पडद्यावरच्या शहरांत असा प्रसंग उद्भवत नाहीं, कारण त्याचा नियमच कोणी लिहिलेला नाहीं.

खेळ नुसता खेळणारा मुलगा हें ओळखीत नाहीं. प्रोग्राम लिहूं लागलेली मुलगी ओळखते. तिला कळतें कीं प्रत्येक नियमामागें कोणीतरी बसलेला आहे, आणि त्यानें जें गाळलें तेंही नियमाइतकेंच बलवान् आहे. पट्टा आखण्यापूर्वीं तेथें गांव आहे काय तें पाहावें, असल्यास त्याचा हिस्सा राखून ठेवावा, एवढ्या दोन ओळी ती आपल्या खेळांत घालूं शकते. खेळ कदाचित् मंद होईल, जिंकणें अवघड होईल. पण तो तिच्या शहराचा खेळ होईल.

खेळ म्हटला कीं पालकांच्या मनांत व्यसनाची आणि पैशाची धास्ती येते, आणि ती अनाठायीं नाहीं. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संसदेनें २०२५ सालीं केला आहे. परंतु मुलाच्या हातून यंत्र काढून घेणें हा एक उपाय, आणि तें यंत्र उघडून दाखविणें हा दुसरा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूनें रचलेला 'राजी' हा खेळ २०२० सालीं जगाच्या बाजारांत गेला; तेव्हां ही विद्या महाराष्ट्राच्या मातींत रुजत नाहीं, असें म्हणण्याची सोय उरलेली नाहीं. ज्या शाळेंत संगणकाचा तास आहे, तेथें पहिल्या आठवड्यांत चेंडू उडवावा, सत्राच्या अखेरीस आपल्या सेक्टरचा नकाशा मांडावा, आणि त्या नकाशावर सेक्टरच्या आकड्याआधीं जुन्या गांवाचें नांव लिहावें.