चार पौंडांची सोयरीक

परवा गाडीला चार नवे टायर घातले. खिसा हलका झाला, पण त्याचे दुःख नाही. दुःख पुढेच आहे. टायर बसवणाऱ्या पोऱ्याने विचारले, "काका, हवा किती मारू?" आता हे त्याने मला विचारायचे, की मी त्याला? मी म्हटले, "किती मारतात?" "पस्तीस मारतो. सगळ्यांना पस्तीसच." पेट्रोल पंपावरचा म्हणाला, "तीस बास झाली." शेजारचे नाना जन्मभर स्कूटरवरच फिरले, पण मत देण्याला गाडी लागते थोडीच? "कमीच ठेवा हो, गाडी मऊ चालते!" शेवटी टायरलाच विचारावे म्हणून वाकून पाहिले, तर त्याच्या अंगावर एक्कावन्न कोरलेले.

अडलो की मी इतिहासात शिरतो. टायरात हवा भरायची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनची. १८४५ साली पेटंट घेऊन बसला बिचारा, पण मोटारीचा पत्ता नव्हता. लोक विसरून गेले. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच युक्ती पुन्हा शोधली. हवा कोणी भरली, हे असे पुराव्यानिशी ठाऊक आहे. किती भरायची, यावर मात्र व्याह्याव्याह्यांत भांडणे झाली.

हो, अगदी सख्खे व्याही! अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०६ पासून हार्वे फायरस्टोनचे टायर घेतले. पुढे १९४७ साली फोर्डच्या नातवाने फायरस्टोनच्या नातीशी लग्न केले. म्हणजे टायर तर आधीच सासरी नांदत होते, मागून मुलगी आली. सगळे गोडीगुलाबीने चालले होते. मग फोर्डची 'एक्स्प्लोरर' नावाची उंच गाडी आली. तिच्यासाठी फोर्डने सांगितली सव्वीस पौंड हवा.

धावता धावता टायरची वरची साल सुटू लागली, गाड्या उलटू लागल्या. अडीचशेहून अधिक माणसे गेली. २००० सालच्या ऑगस्टमध्ये पासष्ट लाख टायर परत मागवावे लागले. फोर्ड म्हणे, तुमचा टायरच वाईट. फायरस्टोन म्हणे, तुमची गाडीच उलटी, आणि हवा तीस हवी होती. २००१ साली जवळजवळ शतकाची सोयरीक तुटली.

चार पौंडांत एवढे काय असते? हवा कमी पडली की टायरची कूस दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकून वाकून तापते, आणि उन्हात भरल्या गाडीने वेगात गेले की तापलेली साल सुटू शकते. हवा जास्त झाली, तर टायर मधल्याच पट्टीवर उभा राहतो नि रस्त्यावरची पकड जाते. नानांचे 'मऊ' आणि पोऱ्याचे 'पस्तीस', दोन्ही अंदाजपंचे! आणि ते एक्कावन्न? ती टायरची कमाल सहनशक्ती. नवरा किती ऐकून घेऊ शकतो, याचा तो आकडा. रोज तेवढे ऐकवायचे नसते.

खरा आकडा गाडीच्या वजनावरून ठरतो. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, आणि टायर मूळ मापाचेच असले की तोच चालतो. नऊ वर्षे मी त्या चिठ्ठीशेजारूनच गाडीत चढत होतो. धूळ पुसली. दोघेच असताना तीस, गाडी भरलेली असताना तेहतीस. आणि टायर थंड असताना मोजा, अशी तंबी.

उद्या मुलगी नातवंडांना घेऊन ही गाडी घाटातून साताऱ्याला नेणार आहे. पहाटे उठून, घराजवळच्या पंपावर मी स्वतः तेहतीस मोजून घेतले. नाना पाहत होते. मी त्यांना काही विचारले नाही.