मांजराला फिट आली तर काय करावे?

मांजर अचानक आडवे पडते, पाय ताठ होऊन झटके येतात, लाळ गळते, जागीच लघवी होते. याला फिट किंवा आकडी म्हणतात. कधी नुसता चेहऱ्याचा एक भाग किंवा एक कान थरथरतो. अशी सौम्य फिट घरच्यांच्या लक्षातही येत नाही.

फिट सुरू झाली की आधी घड्याळ बघा. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत थांबतात. मांजराला दाबून धरू नका. तोंडात बोट, चमचा किंवा पाणी घालू नका. ते जीभ गिळत नाही, पण तुम्हाला कडकडून चावू शकते. कांदा किंवा चप्पल हुंगवायला सांगणारे शेजारी भेटतीलच, त्याचा उपयोग नाही. जमल्यास मोबाईलवर व्हिडिओ काढा, निदानाला फार मदत होते. फिट 5 मिनिटांहून जास्त चालली किंवा 24 तासांत दोनदा आली, तर लगेच दवाखाना गाठा.

केजसारख्या शेती आणि गोठ्यांच्या भागात पहिला प्रश्न हा: जनावरांना गोचिडाचे औषध मारले होते का? त्यातले सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन गाई-म्हशींना चालते. मांजराच्या यकृताला मात्र ते नीट पचवता येत नाही. कुत्र्याच्या पिसवांसाठी मानेवर टाकायचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला लावल्यानेही असेच होते. ‘थोडेसेच लावले’ म्हणून निर्धास्त राहू नका. झटके थांबलेले असतील तर कोमट पाण्याने व भांडी घासायच्या लिक्विडने अंग धुऊन कोरडे करा आणि औषधाची बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा. विषबाधेवर वेळीच उपचार झाले तर मांजर सहसा पूर्ण बरे होते.

लस न दिलेले मांजर अलीकडे विचित्र वागत असेल, तर रेबीजचाही विचार करावा लागतो. ते चावले किंवा ओरखडले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्या.

वारंवार फिट येत असतील तर रक्त तपासून बहुधा फिनोबार्बिटोन सुरू करतात, दिवसातून दोनदा. गोळी माणसांचीच असली तरी घरातल्या कुणाची देऊ नका, मात्रा वेगळी असते. डायझेपामच्या गोळ्या तोंडावाटे दिल्याने काही मांजरांचे यकृत निकामी होते. बरे वाटले म्हणून फिनोबार्बिटोन एकदम बंद केले, तर आधीपेक्षा मोठी फिट येऊ शकते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुढे पाठवायची वेळ आली तर परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. निघण्याआधी फोन करा, आणि मांजर पिशवीत न कोंबता हवेशीर टोपलीत न्या.