नेरळच्या दगडाखाली

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कर्जतच्या आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली होती, असं आजोबा सांगायचे. तो कोयनेचा भूकंप, ६.३ तीव्रतेचा. माणसं तिकडे कोयनानगर परिसरात गेली. इकडे आजोबांनी मात्र ठरवून टाकलं, सह्याद्रीच्या पोटात आग आहे आणि ती कधीतरी वर येणार. लहानपणी मी ते खरं मानलं. इंजिनिअर झाल्यावर वाटलं, आत कुणी डोकावून पाहिलंय का ते तरी शोधू.

पद्धत सोनोग्राफीसारखी. भूकंपाच्या किंवा मुद्दाम केलेल्या स्फोटाच्या लहरी खाली जातात, थरांवरून वळून परत येतात. अर्धवट वितळलेल्या खडकात त्या मंदावतात. द्रवातून तर एस-लहरी जातच नाहीत. कुठली लहर किती उशिरा पोचली यावरून खालचं चित्र काढायचं. सर्व्हर रूममध्ये पाऊल न टाकता नुसत्या पिंगवरून नेटवर्कचा नकाशा काढावा, तसं. अमेरिकेतल्या यलोस्टोनखालचं मॅग्माचं कोठार असंच दिसलं. २०२२ च्या अभ्यासानुसार त्याच्या वरच्या भागातही वितळलेला अंश १६ ते २० टक्केच आहे. बाकी घट्ट खडक. आजोबांच्या डोक्यातला उकळता हंडा तिथेही नाही.

आपल्याकडे १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने दोन रेषा आखल्या : गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी. सुरुंग उडवायचे, रेषेवरच्या यंत्रांनी हादरे टिपायचे. दिसलं ते असं : वर लाव्हाचे थर, खाली जुना कठीण खडक आणि कवचाचा तळ साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर. पुढे कोयनेजवळ गोठणे इथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. कोयनेचे धक्के मॅग्माचे नाहीत. जुन्या भेगा आणि धरणाच्या पाण्याचा दाब यांचे आहेत.

या रेषा कर्जतच्या दक्षिणेला, पण दगड त्याच घराण्यातला. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे खरंच आग होती. भूवैज्ञानिकांनी रासायनिक ठशांवरून त्या लाव्हाचे गट पाडले आणि त्यांना नेरळ, ठाकुरवाडी, खंडाळा अशी नावं दिली. म्हणजे आमच्या लोकलची स्टेशनं आणि बोरघाटातले थांबे जगभरच्या शोधनिबंधांत आहेत. आजोबा फक्त काळात चुकले.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आला : ‘डोंगराखाली ज्वालामुखी जागा होतोय.’ मी चिडून उत्तर लिहायला घेतलं आणि थांबलो. ज्वालामुखी नाही हे सिद्ध करणं सोपं होतं. पण ती वाडी पाऊस आणि उभ्या उतारामुळे गेली, आणि असे उतार माझ्या खिडकीतूनही दिसतात.

मग मेसेज खोडून वेगळाच लिहिला : पावसाळ्यात आपल्या मागच्या टेकडीला नवी भेग पडलेली दिसली, तर लगेच तहसील कार्यालयात कळवा.