जांभळे ओघळ: पार्लर ते पार्किंग

गाडीच्या चाकांवर 'आयर्न रिमूव्हर' फवारला की दोन-चार मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात. बघणाऱ्याला वाटतं, गेला गाडीचा रंग! घाबरू नका. ही रासायनिक क्रिया मोटारगाडीपेक्षाही जुनी आहे.

थायोग्लायकॉलिक आम्ल आणि लोह एकत्र आले की येणारा हा रंग आंद्रेआश या रसायनशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये नोंदवला. पुढे प्रयोगशाळेत लोह ओळखायला तो वापरात आला. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गोडार्ड आणि मिकाएलिस यांनी दाखवलं, की हेच आम्ल केसांतले गंधकाचे बंध तोडतं. झालं! चाळीसच्या दशकात त्याचा अमोनियम क्षार केस कुरळे करायला पार्लरमध्ये पोचला. आयर्न रिमूव्हरला पर्मसारखा वास येतो, तो यामुळेच.

मोटारवाल्यांचं दुखणं वेगळं. ब्रेक दाबला की बिडाच्या डिस्कची पूड उडते, चाकाला चिकटते आणि तिथेच गंजते. रेल्वेने आलेल्या नव्या गाड्यांवर रुळांची पूड बसायची. त्यावर आधी ऑक्झॅलिक आम्ल होतं, नव्वदच्या दशकात जपानी क्ले बार आला. पण क्ले घासावा लागतो, ओरखड्यांची भीती असते. थायोग्लायकोलेट लोह विरघळवूनच काढतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर जांभळा रंग म्हणजे लॉग फाइल. त्यात नोंद फक्त लोहाची. डांबराची किंवा पाण्याच्या डागांची नाही. तेव्हा रंग आला नाही म्हणून गाडी स्वच्छ समजू नका. आणि आला, तर वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा.