सुळ्यांच्या पलीकडे

बबून माकडाचे छायाचित्र बहुधा एकाच क्षणाचे असते. नराने जबडा वासलेला, सुळे चमकताहेत, मागे आफ्रिकेतले वाळलेले गवत. मी कादंबऱ्या लिहितो. हाच क्षण उचलावा असे कुणालाही वाटेल हे मला कळते.

पूर्वीचे बबूनांविषयीचे ज्ञान बरेचसे कोंडलेल्या जनावरांचे होते. 1925 साली लंडनच्या प्राणिबागेत सुमारे शंभर बबून, त्यांत माद्या अगदी मोजक्या, एका कृत्रिम टेकडीवर सोडले. तेथे रक्तपात माजला, आणि माकडांचा समाज म्हणजे हाच, असा समज पसरला. 1959 मध्ये वॉशबर्न आणि डीव्होर हे अमेरिकन अभ्यासक केनियाच्या मोकळ्या माळावर गेले, तेव्हा चित्र पालटले. कॅमेरा बरोबर होताच. पण 1961 च्या त्यांच्या लेखात टोळी चालते ती पलटणीसारखी: पुढेमागे दुय्यम नर, मध्ये लेकुरवाळ्या माद्या आणि त्यांच्याजवळ बलिष्ठ नर. युगांडात थेल्मा रॉवेल यांना निराळेच दिसले. टोळी बिथरली की लांब पायांचे नर सर्वांआधी झाडावर, आणि पोर पोटाशी धरलेल्या माद्या मागे. पलटण कसली नि काय!

मग खरे कोणते? प्रश्न डोळ्यांचा होता. जीन ऑल्टमन मूळच्या गणिताच्या विद्यार्थिनी. केनियातल्या अंबोसेलीच्या माळावर त्या 1963 मध्ये प्रथम गेल्या, आणि 1971 पासून तेथे अखंड काम सुरू झाले. 1974 च्या लेखात त्यांनी पाहण्याची एक रीत नीट मांडली. एक माकड आधीच ठरवायचे, ठरलेला वेळ त्याच्याकडेच पाहायचे. शेजारी मारामारी जुंपली तरी नजर ढळू द्यायची नाही. मास्तरांना ही रीत ताबडतोब पटावी. वर्गात दंगेखोर चौघे सर्वांच्या तोंडी असतात. भिंतीकडेच्या मुलीचे वर्ष कसे गेले, विचारा पाहू!

या रीतीने आईचा दिवस प्रथमच वहीत उतरला. चरणे, चालणे, पोर वाहणे. बाकी उरतो तो थोडका वेळ. त्या थोडक्या वेळात दोघी शेजारी बसून एकमेकींचे केस विंचरतात. छायाचित्रकार तेवढ्यात फिल्म बदलून घेईल. पण 2003 मध्ये सिल्क, आल्बर्ट्स आणि ऑल्टमन यांनी अंबोसेलीच्या सोळा वर्षांच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा असे दिसले की जिचा इतरांशी असा घरोबा अधिक, तिची पिले वर्षभर जगण्याचा संभव अधिक. मग टोळीतला तिचा मान थोरला असो वा धाकटा.