खेळणाऱ्याचं यंत्र आणि घडवणाऱ्याचं यंत्र

साठ-सत्तर हजारांच्या गेमिंग लॅपटॉपवर कोणता गेम किती झकास चालतो, हे दुकानातला सेल्समन तोंडपाठ सांगतो. पण ‘यावर गेम बनवता येईल का?’ असं एखाद्या विद्यार्थ्याने विचारलं की त्याची गाडी अडते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. खेळायला लागणारं यंत्र आणि घडवायला लागणारं यंत्र यांत अंतर किती असावं, यावर या धंद्यातच गेली चाळीस वर्षं एकमत झालेलं नाही.

एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आला. ४८ केबी मेमरीच्या मॉडेलची किंमत १७५ पौंड. रबरी कळा, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधी ऑडिओ कॅसेट. शाळकरी पोरांनी या डबीवर गेम लिहायचा सपाटा लावला. पण लिहिताना एक चूक झाली की यंत्र गोठायचं, मेमरीतलं सगळं पुसलं जायचं आणि कॅसेटची किरकिर ऐकत पुन्हा पहिल्यापासून लोड करत बसावं लागायचं. लिव्हरपूलजवळच्या सतरा वर्षांच्या मॅथ्यू स्मिथने यावर तोड काढली. १९८३ चा त्याचा गाजलेला ‘मॅनिक मायनर’ स्पेक्ट्रमसाठी होता, पण तो लिहिला गेला टँडी कंपनीच्या टीआरएस-८० वर. कोड तिथे टाइप करायचा आणि चालवून बघायला स्पेक्ट्रमकडे पाठवायचा. गंमत म्हणजे टीआरएस-८० ला रंगही दाखवता येत नव्हते. स्मिथला चित्रांसाठी ते यंत्र नकोच होतं. त्याला हवा होता धड कीबोर्ड, आणि गेम आपटला तरी शाबूत राहील असा कोड.

केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांची अडचण निराळी होती. १९८४ चा त्यांचा ‘एलिट’ बीबीसी मायक्रोवर चालायचा. एकूण मेमरी ३२ केबी, त्यातला मोठा वाटा नुसत्या पडद्यालाच लागणार. उरलेल्या जागेत त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. ग्रहांची यादी कुठेच साठवलेली नव्हती. मोजक्या आकड्यांवर ठरावीक गणित चालवलं की ग्रहाचं नाव, त्याची जागा, तिथला व्यापार, सगळं त्या क्षणी तयार व्हायचं आणि दर वेळी अगदी तेच यायचं. त्याच वर्षी मॉस्कोत अलेक्सेय पाजित्नोव ‘टेट्रिस’ लिहीत होता. त्याच्या इलेक्ट्रॉनिका-६० या संगणकाला चित्र काढताच येत नव्हतं, म्हणून त्याने ठोकळे कंसांच्या चिन्हांनी उभे केले.

एवढ्यावर ‘यंत्र दुय्यम, डोकं महत्त्वाचं’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण गोष्ट इतकी सोपी नाही, आणि ते सर्वात स्पष्ट दिसतं अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअरच्या कहाणीत.

१९९० मध्ये जॉन कारमॅक, जॉन रोमेरो आणि त्यांचे सहकारी लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट शहरात सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत नोकरी करत. स्वतःचा गेम बनवायचा होता, पण तेवढे चांगले संगणक पदरी नव्हते. मग शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसचे संगणक गाड्यांत घालून घरी न्यायचे, शनिवार-रविवार राबायचं आणि सोमवारी सकाळी ते गुपचूप जागेवर ठेवायचे, असा क्रम सुरू झाला. त्यातून डिसेंबर १९९० मध्ये ‘कमांडर कीन’ बाहेर पडला. पैसा हाती येताच या मंडळींनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. ‘डूम’ हा गेम बनवायला त्यांनी घेतले स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीचे महागडे संगणक. टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब ब्राउझर लिहिला तोही याच जातीच्या संगणकावर.

१० डिसेंबर १९९३ ला ‘डूम’ आला तो साध्या ३८६ पीसीवर, ४ एमबी मेमरीत चालणारा. खेळणाऱ्यासमोरचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं होतं; रोमेरो ज्या पडद्यावर त्याचे भुयारी नकाशे आखत होता, तो ११२० बाय ८३२ चा. पीसीवरच्या डॉस या कार्यप्रणालीत एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा आणि तो आपटला की अख्खं यंत्र बंद पडायचं. नेक्स्टवर नकाशाचा एडिटर, कोड आणि चालता गेम शेजारी-शेजारी उघडे ठेवता यायचे. पुढे ‘क्वेक’ या त्यांच्याच गेमच्या वेळी नकाशातल्या प्रत्येक जागेवरून काय दिसतं आणि उजेड कुठे पडतो, याचं गणित आधीच करून ठेवावं लागे, त्यासाठी इडने डिजिटल कंपनीच्या अल्फा प्रोसेसरचं यंत्र कामाला लावलं. थोडक्यात, जड काम बनवणाऱ्याच्या यंत्राने एकदाच उरकायचं, म्हणजे खेळणाऱ्याच्या यंत्रावर ओझं उरत नाही. आजही धंदा याच हिशेबावर चालतो.

भारतात या हिशेबाला वेगळं वळण लागलं. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या इंडियागेम्ससारख्या कंपन्या नोकियाच्या फोनसाठी जावा गेम बनवत. त्या काळच्या कित्येक साध्या फोनांवर अख्खा गेम ६४ केबीत बसवावा लागे. ऑफिसातला कुठलाही पीसी त्याला पुरून उरे; घाम फुटायचा तो गेम कापून-छाटून फोनमध्ये कोंबताना.

नंतर गेम बनवायची तयार इंजिनं स्वस्त झाली. एके काळी इडचं इंजिन वापरायचं तर काही लाख डॉलर मोजावे लागत. युनिटी २००५ मध्ये फक्त मॅकसाठी आलं आणि २००९ मध्ये त्याची फुकट आवृत्ती निघाली. २०१५ मध्ये अनरिअल इंजिन डाउनलोडला मोफत झालं. कमाई ठरावीक रकमेपुढे गेली तरच त्यातले ५ टक्के द्यायचे. परवान्याचा खर्च गेला आणि सगळा भार हार्डवेअरवर आला. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर अनरिअलचा मोठा प्रोजेक्ट उघडून बघावा. कोपऱ्यात ‘कंपायलिंग शेडर्स’ असं येतं, पुढचा आकडा हजारांतला आणि गोगलगाईच्या चालीने उतरणारा. पंखा घोंघावू लागतो, कीबोर्डचा वरचा पट्टा हाताला चटका देतो आणि चार्जर काढला तर वेग आणखी पडतो. एपिक कंपनी स्वतः अनरिअलसाठी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी ग्राफिक्स मेमरी सुचवते. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ३०५० ला बहुधा ४ जीबीच असते. शिवाय एकाच नावाच्या या चिपला एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉट वीज मिळते, तर दुसऱ्यात ८०. खोक्यावरच्या स्टिकरवर हे लिहिलेलं नसतं.

तरीही पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आठवावा. अनरिअलवर बनलेला हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी आला तो निन्टेन्डो स्विचवर, ज्यात सगळी मिळून ४ जीबी मेमरी आहे. २०२४ मध्ये जगभर गाजलेला ‘बलाट्रो’ हा पत्त्यांचा गेम एकाच माणसाने ‘लव्ह’ या फुकट, हलक्याफुलक्या इंजिनावर लिहिला. गेम विकणाऱ्या स्टीमच्या दरमहाच्या पाहणीतही वरच्या जागा ३०६० आणि ४०६० अशा मधल्या किमतीच्या ग्राफिक्स कार्डांनी धरलेल्या दिसतात. गिऱ्हाइकाचं यंत्र साधंच असतं. बनवणाऱ्याकडे अधूनमधून तरी तसंच यंत्र हवं, नाहीतर आपला गेम कुठे अडखळतो हे त्याला कळणारच नाही.

तेव्हा विद्यार्थ्याला उत्तर ‘हो’ असंच द्यावं, अटींसकट. गोडो आणि युनिटी ही इंजिनं, त्रिमितीय आकृत्या घडवणारं ब्लेंडर आणि मध्यम आकाराचे त्रिमितीय गेम यांना हा लॅपटॉप पुरतो. अनरिअलमध्ये चकाचक विशाल जग उभं करायचं असेल, तर तो पुरणार नाही आणि तिथे हट्ट धरू नये. घेताना ग्राफिक्स कार्डाची एक पायरी चढण्याऐवजी रॅम १६ जीबी घ्यावी, ती ३२ पर्यंत वाढवायला रिकामा स्लॉट आहे का ते विचारावं, एसएसडी ५१२ जीबीहून कमी नसावी. आणि घरातला जुना अँड्रॉइड फोन मोडीत काढू नये. फोनसाठी गेम करायचा असेल तर पहिली चाचणी त्याच्यावरच घ्यावी.