मून मॉथ आणि टार्जिओनिया : तुलना

मून मॉथ (ॲक्टिअस सेलीनी) हा सॅटर्निडी कुलातील पतंग. टार्जिओनिया हायपोफायला ही यकृतका गटातील शेवाळी वनस्पती. दोन्ही जाती सह्याद्रीत आढळतात. पुणे जिल्ह्यातील पानशेत (आंबी नदी, तानाजीसागर जलाशय) परिसरात मुसळधार पावसाळ्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. अशा हवामानात तग धरण्याच्या दोन भिन्न रीती या जातींत दिसतात.

स्वरूप : पतंगाचे पंख फिकट हिरवे, विस्तार सुमारे १२ सेंमी.; मागील पंखांना लांब शेपट्या. लूना मॉथ या अमेरिकेतील जवळच्या जातीवरील २०१५ च्या प्रयोगांत, शेपट्यांमुळे वटवाघळाचा हल्ला धडापासून दूर वळतो असे आढळले.

टार्जिओनिया ही प्रजाती मिकेली यांनी १७२९ मध्ये वर्णिली. जातीचे नाव लिनीअस यांचे (१७५३). कायक (मूळ, खोड, पाने असे भाग नसलेले वनस्पतीचे शरीर) फितीसारखा व जमिनीलगत वाढणारा. वर वायुरंध्रे, खाली जांभळट खवले आणि मुळांसारखे तंतू. बीजुककोश टोकाशी, खालच्या बाजूस, शिंपल्यासारख्या दोन काळपट झडपांत असतो.

जीवनचक्र : पतंगात गुणसूत्रांचा एकच संच फक्त जननपेशींत असतो. यकृतकेत मात्र डोळ्यांना दिसणारा हिरवा कायकच एकसंची असतो. द्विसंची (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) बीजुकधारी पिढी अल्पजीवी व या कायकावरच पोसलेली असते. प्रौढ पतंग काही खात नाही. मोई (शेमट) व इतर झाडांची पाने खाऊन सुरवंटाने साठवलेल्या अन्नावर तो सुमारे आठवडाभर जगतो.

कोरडा काळ : तुलनेचा मुख्य मुद्दा हाच. पतंगाची वर्षातील शेवटची पिढी पानांत विणलेल्या कोशात थांबते. तेथे शरीरातील पाणी राखले जाते आणि चयापचय अगदी मंद चालतो. टार्जिओनिया पाणी राखत नाही. कायक वाळतो, कडा आत वळतात आणि वर फक्त काळपट खवले दिसतात. क्रिया जवळपास थांबतात. पाऊस पडताच तोच कायक उलगडून हिरवा होतो.

आर्थिक महत्त्व : उल्लेखनीय नाही.

संरक्षण : पतंगाचे कोश बहुधा पाचोळ्यात पडतात, टार्जिओनिया सावलीतल्या दरडींवर व बांधांवर वाढते. उन्हाळी वणवे आणि रस्त्यांसाठी यंत्राने तासलेल्या दरडी या जातींवर त्यांच्या निश्चल अवस्थेतच आघात करतात. म्हणून पावसाळी नोंदींइतकीच उन्हाळ्यातील पाहणी आवश्यक आहे.